सलाईन लावली की बरी, दहा दिवसांनी पुन्हा तेच: किडनीच्या मांजराचं वारंवार आजारी पडणं

आमची ठमी बारा वर्षांची आहे. फेब्रुवारीच्या शेवटी तिला किडनीचा जुनाट आजार असल्याचं निघालं, आणि मग एक चक्र सुरू झालं. दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावायची, तिसऱ्या दिवशी ती ताटलीवर तुटून पडायची, आठ-दहा दिवस छान जायचे. मग एका सकाळी उठून बघावं तर पलंगाखाली कोपऱ्यात पाठ फिरवून बसलेली. पांढरा फेस ओकलेला, काल रात्रीची ताटली तशीच. पुन्हा पिशवीत घालायचं, पुन्हा रिक्षा, पुन्हा सलाईन. मार्चमध्ये दोन वेळा असं झालं. एप्रिल-मेमध्ये आणखी तीनदा. ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांच्यासाठी आम्हाला यातून काय सापडलं ते सविस्तर लिहिते.

आधी तिचे आकडे सांगते, म्हणजे आपापल्या मांजराशी ताडून बघता येईल. क्रिएटिनीन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, तो साठला की किडनी कमी पडते आहे असं समजायचं) 3.4, फॉस्फरस 6.8, लघवीची घनता 1.014. वजन गेल्या वर्षी 3.6 किलो होतं ते 2.9 वर आलेलं. मांजरांच्या किडनीच्या आजाराचे चार टप्पे धरतात. क्रिएटिनीन 1.6 ते 2.8 असेल तर दुसरा, 2.9 ते 5.0 असेल तर तिसरा आणि त्याच्या वर चौथा. म्हणजे ठमी तिसऱ्यात. निरोगी मांजराची लघवी खूप घट्ट असते, घनता 1.035 च्या वर. किडनीचा साधारण दोन तृतीयांश भाग निकामी झाला की ती लघवी घट्ट करू शकत नाही, आणि तीन चतुर्थांश गेल्यावर क्रिएटिनीन वाढायला लागतं. म्हणून रिपोर्टमध्ये दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यात घरच्यांची चूक नसते. मी स्वतःला आठवडाभर दोष देत होते म्हणून हे मुद्दाम सांगते आहे. ती जास्त पाणी पिते हे वर्षभर दिसत होतं, आणि आम्ही ते उन्हाळ्यावर ढकललं होतं.

आता मुख्य गोष्ट. दर वेळी ती पडली की आमच्या घरात एकच वाक्य निघायचं, "किडनी आणखी गेली." दुसऱ्या वेळी रक्त तपासलं तर क्रिएटिनीन 4.6. सासूबाईंनी तर देवापुढे दिवा लावला. पण दोन दिवस सलाईन गेल्यावर तोच आकडा 3.3 आला, आधीपेक्षाही कमी. आमच्या डॉक्टरांनी तेव्हा समजावलं की अंगातलं पाणी आटलं की किडनीकडे रक्त कमी जातं आणि आकडा चढतो. तो चढ आजाराचा नसतो, कोरडेपणाचा असतो. टप्पा ठरवायचा तो मांजर खातंपितं, अंगात पाणी पुरेसं आहे अशा वेळच्या रक्तावरून. ते म्हणाले, "आजार आहेच, तो हळूहळू पुढे जाणार. पण दर दहा दिवसांनी ती कोसळते याला रोज घरात घडणारं काहीतरी कारण आहे. ते तुम्हालाच सापडेल, मला इथे टेबलावर नाही सापडणार."

त्या रात्री दुधाच्या हिशेबाची जुनी वही उलटी करून मागच्या बाजूने तिची वही सुरू केली. आमच्याकडे खरा फरक पडला तो या वहीमुळे.

रोज पाच गोष्टी लिहायच्या. किती खाल्लं, किती पाणी प्यायली, शूचे गोळे किती, शी झाली का आणि कशी, उलटी झाली का. रविवारी सकाळी वजन. वजनासाठी किराणा दुकानदाराचा डिजिटल काटा घेतला, वर प्लास्टिकचं टोपलं ठेवायचं आणि त्यात ती. मांजराच्या बाबतीत शंभर ग्रॅम ही मोठी गोष्ट असते, माणसांच्या काट्यावर ती कळत नाही. शू मोजण्यासाठी वाळू बंद केली. आधी आम्ही बांधकामाची चाळलेली वाळू टाकायचो, त्यात काही कळायचं नाही. गोळे होणारं लिटर आणलं, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी विकत मिळणारे दाणे, शू पडली की त्यांचा गोळा होतो.

पाणी मोजताना मात्र एक घोळ झाला. सकाळी तीनशे एमएल भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजायचं, इतकं सोपं वाटलं होतं. पण एप्रिलमधल्या सोलापुरात उथळ भांड्यातलं पाणी नुसतं ठेवलं तरी उडतं. मग तसंच दुसरं भांडं, तेवढंच पाणी घालून, फडताळावर ती पोचणार नाही तिथे ठेवलं. त्यातून दिवसाला चाळीसेक एमएल कमी व्हायचं. तेवढं वजा केल्यावर तिचं खरं पिणं कळलं, साधारण दोनशे दहा-वीस एमएल. इतका वेळ आम्ही ते अडीचशेच्या वर समजत होतो आणि खूश होत होतो.

एप्रिलमधल्या पहिल्या झटक्यानंतर वही उघडून बसले. आदल्या तीन दिवसांचं पाणी 205, 90, 70. शूचे गोळे मात्र नेहमीइतकेच, चार ते पाच, आणि तेवढेच मोठे. हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक जण फसतात. शू भरपूर होतेय म्हणजे अंगात पाणी भरपूर आहे असं किडनीच्या मांजराचं नसतं. निरोगी मांजर पाणी कमी प्यायलं की लघवी कमी आणि घट्ट करतं. या मांजराला ते जमत नाही, त्यामुळे प्यायलं नाही तरी तेवढंच बाहेर जात राहतं. फुटक्या माठासारखं. दीड-दोन दिवस कमी प्यायली की पडलीच.

मग ती का नाही प्यायली? उत्तर आमच्या न्हाणीघरातल्या पिंपात होतं. आमच्या भागात तेव्हा पाचव्या दिवशी पाणी येत होतं. सोलापूरकरांना सांगायला नको, नळ आला की आधी पिंप, मग टाकी, मग बादल्या, मग घरातलं प्रत्येक भांडं. ठमीचं भांडं आम्ही पिंपातूनच भरायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी तळाशी आलेलं पाणी, त्याला प्लास्टिकचा वास, थोडा गाळ, आणि उन्हाने कोमट झालेलं. नळ आला की पहिल्या दिवशी उलटी तऱ्हा, क्लोरीनचा असा वास की भांड्यावर तोंड नेलं तर आपल्यालाही जाणवतो. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. वहीत नळ आल्याच्या तारखांवर लाल पेनाने गोल केले आणि डोळे उघडले. ती कमी प्यायलेले दिवस त्या गोलांना चिकटून होते. नळाच्या आदला दिवस आणि नळाचा दिवस. वही सुरू केल्यावरच्या तीन झटक्यांपैकी दोन तिथेच.

उपाय इतका साधा निघाला की रडू आलं. नळाच्या दिवशी एका स्टीलच्या पातेल्यात पाणी भरून वर पातळ फडकं टाकून रात्रभर उघड्यावर ठेवते, क्लोरीनचा वास बराच उडून जातो. सकाळी ते दोन-दोन लिटरच्या काचेच्या बरण्यांत भरते आणि फ्रिजमध्ये ठेवते. नळाचा दिवस सांभाळायला मागच्या खेपेची बरणी शिल्लक असतेच. तीन किलोच्या मांजराला पाच दिवसांना सव्वा लिटरसुद्धा पुरे होतं. घरात पाण्याची कितीही ओढाताण असली तरी तेवढं बाजूला काढता येतं, फक्त ते तिचं म्हणून वेगळं काढायला हवं. भांडी एकाऐवजी चार केली, सगळी रुंद आणि उथळ. एक देवघराच्या खोलीत, एक जिन्यापाशी, एक आमच्या पलंगाजवळ, एक स्वयंपाकघराच्या दारात. खाण्याच्या ताटलीला चिकटून किंवा लिटरच्या शेजारी एकही नाही, तिथलं ती पीतच नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं, भांडं नुसत्या पाण्याने नाही तर घासून धुवायचं. तिला माठाखालच्या ओल्या जागेत बसून माठाचं पाणी प्यायला आवडतं असं नंतर लक्षात आलं, तेव्हा जिन्यापाशी मातीची पसरट कुंडी ठेवली, न रंगवलेली. सगळ्यात जास्त पाणी त्या कुंडीतलं जातं.

आणि खाण्यातून पाणी. कोरडे दाणे तिला बारा वर्षं चालले होते, पण त्यात पाणी जेमतेम दहा टक्के. ओल्या खाण्यात पाऊण भाग पाणीच असतं. आम्ही हळूहळू ओल्यावर आणलं आणि त्यातही दोन चमचे कोमट पाणी कालवते.

आता बद्धकोष्ठता. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण या आजाराच्या रिपोर्टमध्ये ही कुठेच दिसत नाही आणि आमच्याकडे प्रत्यक्ष झटका हिच्यामुळेच यायचा. अंगात पाणी कमी पडलं की शरीर ते आतड्यातून ओढून घेतं. शी सुकते. ठमी लिटरमध्ये जायची, पाठ कमान करून बसायची, शेपूट थरथरायची, बाहेर पडून दोन पावलांवर पुन्हा बसायची. शेवटी फरशीवर शेंगदाण्याएवढे दोन खडे, इतके सुके की झाडूने ढकलले की टणटण वाजायचे. आणि त्यानंतर लगेच उलटी. कुंथताना पोटावर ताण येतो आणि मांजर ओकतं, हे मला माहीत नव्हतं. आम्ही उलटी तेवढी बघायचो आणि किडनीचं विष चढलं म्हणायचो. वहीत पाहिलं तर प्रत्येक उलटीच्या आधी दोन-तीन दिवस शीच्या रकान्यात फुली.

डॉक्टरांनी लॅक्ट्युलोजचं पातळ औषध दिलं, माणसांना देतात तेच, पण मात्रा अगदी कमी आणि ती त्यांनी वजनावरून ठरवली. लॅक्ट्युलोज आतड्यात पाणी ओढून शी मऊ करतं, म्हणजे मुळात अंगात पाणी हवं. कोरड्या मांजराला नुसतं तेच देत राहिलं तर उलट आणखी पाणी जातं. पाणी आणि हे औषध, दोन्ही बरोबर जमलं तेव्हा रोज नाही तर एक दिवसाआड मऊ शी व्हायला लागली. दोन दिवस झाली नाही की आता मी तिसऱ्या दिवसाची वाट बघत नाही, फोन करते.

घरगुती इलाज करू नका. एरंडेल तोंडात ओतू नका, पॅराफिनचं तेल पिचकारीने घालू नका, ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते. आणि मेडिकलमध्ये मिळणारा फॉस्फेटचा एनिमा मांजराला कधीही देऊ नका, त्याने मांजर मरतं. अजून एक. मांजर वारंवार लिटरमध्ये बसतंय आणि काहीच येत नाही, असं असेल तर आधी शू होतेय का ते बघा. शू अडली असेल, विशेषतः बोक्याची, तर ती काही तासांची गोष्ट आहे. रात्र असली तरी डॉक्टर गाठायचा.

तिसरा झटका पाण्याचा नव्हता. पाणी नीट, शी नीट, आणि तरी मेच्या मध्यावर ती पुन्हा पडली. दोन दिवस उलगडाच होईना. मग समोरच्या मावशींची नात बोलता बोलता म्हणाली, ठमी रोज दुपारी आमच्याकडे सुकट खायला येते. मावशींचा हात सढळ, जीव सगळ्यांवर. बारीक झालेलं मांजर बघून त्यांना राहवेना, बाजारातली सुकट भाजून रोज मूठभर घालायच्या. सुकी मासळी म्हणजे मीठ आणि फॉस्फरस. किडनीच्या मांजराचं फॉस्फरस वाढलं की मळमळ वाढते, भूक जाते आणि आजारही लवकर पुढे सरकतो. तिसऱ्या टप्प्यात ते 5.0 च्या खाली ठेवायचं असतं, ठमीचं त्या आठवड्यात 7.4 निघालं. मावशींना जाऊन सांगताना मला जड गेलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, मला आधी सांगायचं नाही का." खरंच होतं ते. आजार निघाल्याबरोबर शेजारपाजारी सांगायला हवं होतं. आमच्या घरातही सासूबाई दूध-चपाती द्यायच्या, तेही थांबलं. मांजर घराबाहेर जात असेल तर ते कुठे कुठे जेवतं याचा शोध पहिल्या आठवड्यातच घ्या.

किडनीसाठीचं खास खाणं मिळतं, फॉस्फरस कमी आणि प्रथिनं बेताची. याचा उपयोग होतो हे नक्की. पण ते सुरू करताना आमच्याकडून एक मोठी चूक झाली. पहिल्यांदा दवाखान्यातून आणलं त्याच संध्याकाळी, तिला मळमळत असताना, तेच खाणं पुढे केलं आणि वर गोळीही त्यातच चुरडून घातली. मांजराला ज्या चवीबरोबर मळमळ आठवते ती चव ते टाकतं. नंतर ती पाकिटाचा आवाज आला तरी उठून जायची. दोन आठवडे ते पाकीट नजरेआडच केलं. तिला बरं वाटत असताना नेहमीच्या खाण्यात पाव चमचा मिसळून पुन्हा सुरुवात केली, आणि पूर्ण बदल व्हायला सहा आठवडे लागले. गोळी कधीच खाण्यात नाही. गोळी वेगळी, खाणं वेगळं. पिचकारीने बळजबरी भरवणंही आम्ही सोडलं, त्याने ती आमच्या हातालाच घाबरायला लागली होती.

मळमळ ओळखायला शिका. उलटी झाली तरच मळमळ असं नसतं. ठमी ताटलीपाशी यायची, वास घ्यायची, ओठ चाटायची, गिळल्यासारखं करायची आणि मान वळवायची. कधी ताटलीभोवती फरशी उकरायची, जणू शी झाकतेय. याचा अर्थ भूक आहे पण पोट नको म्हणतंय. आम्ही तिला नखरेल म्हणत होतो. डॉक्टरांना हे मोबाइलवर चित्रीकरण करून दाखवलं तेव्हा त्यांनी उलटी नसतानाही मळमळीची गोळी सुरू केली आणि एक दिवसाआड भूक लागायची गोळी. फरक दोन दिवसांत दिसला. किडनीचं खाणं ती खात नसेल तर जे खाईल ते खाऊ द्या. उपाशी मांजरापेक्षा साधं उकडलेलं चिकन खाणारं मांजर बरं, बिनमिठाचं, आणि त्यात कांदा-लसूण अजिबात नको, दोन्ही मांजराच्या रक्ताला विषारी आहेत. मांजर दोन-तीन दिवस सलग उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून दुसराच जीवघेणा आजार होतो.

आता घरी सलाईन देण्याबद्दल. याची मला सर्वांत जास्त भीती होती आणि आता ते पाच-सात मिनिटांचं काम झालं आहे. ही सलाईन शिरेत द्यायची नसते, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली द्यायची. ठमीला एक दिवसाआड शंभर एमएल आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट ही क्षारांची सलाईन, ठरलं. तुमच्या मांजराला किती आणि द्यायची की नाही हे तुमचे डॉक्टर ठरवतील, कारण हृदय कमजोर असेल तर हेच पाणी फुप्फुसात भरतं. मेडिकलवाल्याने आरएल नाही म्हणून साखरेची सलाईन पुढे केली तर घेऊ नका, ती कातडीखाली द्यायची नाही.

पडद्याच्या दांडीला बाटली टांगते. ठमीला तिच्या आवडत्या जुन्या सोलापुरी चादरीच्या घडीवर बसवते, तोंड भिंतीकडे. नळीतली हवा आधी काढून घ्यायची. डाव्या हाताने खांद्यामधली कातडी तंबूसारखी वर उचलायची, सुईचं तिरकं तोंड वर ठेवून तंबूच्या पायथ्याशी, पाठीला समांतर आत सारायची. सुरुवातीला मी भीत भीत हळू सारायचे आणि तिला जास्त दुखायचं. न थांबता एका झटक्यात गेली की ती मानही वळवत नाही. केस ओले झाले तर सुई पलीकडून बाहेर आली आहे, काढून नव्या सुईने पुन्हा. दर वेळी नवीन सुई, यात काटकसर नको. बाटलीवरच्या रेघांवरून शंभर मोजते. खांद्यावर लिंबाएवढा गोळा होतो, चालायला लागली की तो पुढच्या एका पायाकडे ओघळतो आणि पाय जाड दिसतो. पहिल्यांदा मी घाबरून फोन केला होता. तो काही तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही गोळा तसाच असेल तर पुढची सलाईन द्यायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं.

उन्हाळ्यात एक गोष्ट सांभाळा. हिवाळ्यात बाटली कोमट करून देतात, पण मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बाटली आपोआप इतकी तापते की मनगटावर दोन थेंब टाकले तर चटका जाणवतो. मी ती फ्रिजच्या दारात ठेवते आणि देण्याआधी पातेल्यातल्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. मनगटावर ना गार ना गरम लागली पाहिजे. दुपारी खिडकीला ओलं गोणपाट आणि ठमी खालच्या मजल्यावर. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की एरवी धडधाकट मांजरही धापा टाकतं, हिला तर ते परवडतच नाही.

पाणी, शी, खाणं, सगळं जागेवर असूनही झटके येत राहिले तर डॉक्टरांकडे नेमकं मागा. पोटॅशियम तपासा, ते कमी झालं की मांजराची मान खाली झुकते, उडी मारता येत नाही. रक्ताचं प्रमाण बघा, हिरड्या फिक्या पडल्या असतील तर लगेच. लघवीचं कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का याची तपासणी, करा, पातळ लघवीत जंतू सहज वाढतात आणि बाहेरून काही लक्षण दिसत नाही. दात बघून घ्या. आणि रक्तदाब. हा बहुतेक ठिकाणी राहून जातो. मांजराचा रक्तदाब मोजायचं यंत्र सगळीकडे नसतं, आम्हाला त्यासाठी पुण्याला जावं लागलं, पण गेलो ते बरं झालं. 188 निघाला. 160 च्या वर गेला तर औषध लागतं, 180 च्या वर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. आता रोज अॅम्लोडिपिनची इवलीशी गोळी चालू आहे.

घरातलं कुठलंही वेदनेचं औषध देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, अर्धी गोळीसुद्धा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किडनी संपवतात. आणि घरात पुष्पगुच्छ आला तर त्यातली लिली बाहेर काढा, तिचा पराग अंगाला लागून चाटला गेला तरी मांजराची किडनी बंद पडते.

त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठायचा तो अशा वेळी: झोपेत मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास, तोंड उघडून श्वास, फिट येणं, बाहुल्या मोठ्या होऊन भिंतीला धडकणं, शू बंद. झोपेतले श्वास मोजायची सवय आत्ताच लावून घ्या. पोट वर-खाली एकदा झालं की एक. ठमीचे अठरा ते बावीस असतात.

मेमधल्या त्या झटक्यानंतर आजवर ती एकदाच पडली, तीही घरीच एक जास्तीची सलाईन देऊन सावरली. गेल्या रविवारी वजन 3.1 किलो. आषाढीला आम्ही दोन दिवस पंढरपूरला गेलो होतो. निघायच्या सकाळी सलाईन दिली, बरण्या भरून ठेवल्या, वही आणि किल्ली समोरच्या मावशींकडे. परत आल्यावर वही उघडली तर शीच्या रकान्यात त्यांच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "एक, मऊ, सकाळी सात." त्याखाली, "पाणी कुंडीतलं प्यायली. सुकट मागितली, दिली नाही."